भोकं खाली

तळघराच्या शेवटच्या पायरीवर डावा मोजा भिजला. बस्स, तिसरा पावसाळा, तिसरा मोजा.

आधी दोनदा भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग फासून झाला होता. दोन्ही वेळा फुगे आले, पोपडे निघाले. पाणी बाहेरून रेटतंय आणि आपण आतून रंग लावतोय! मीटरभर उंच साठलेलं पाणी बुडाशी चौरस मीटरला जवळजवळ टनभर जोर लावतं, तिथे रंगाचा डबा बिचारा काय करणार?

म्हणून या वेळी बाहेरून, घराच्या पायाच्या तळापर्यंत चर खणला. खाली जाळीदार कापड, त्यावर खडी, खडीत भोकांचा पाइप, मीटरला सेंटिमीटरभर उतार. पाइप अंथरत होतो तेवढ्यात शेजारचे काका आले. पाऊस नव्हता, तरी हातात छत्री. ती ते जग दाखवायला वापरतात.

"भोकं खाली?"

"हो, काका."

"पाणी कुठून येतं?"

मी गप्प. छत्री आभाळाकडे गेली.

"वरून. मग भोकं वर नकोत?"

मी समजावलं, की पाणी मुरत मुरत चराच्या तळाशी साठतं आणि तिथून वर चढतं. भोकं खाली असली की चढायला लागताच पाइपात शिरतं. वर ठेवली तर ते पाइपाच्या डोक्यापर्यंत चढेस्तोवर वाट बघायची.

"पाणी वर चढतं म्हणे!" हे मिस्त्रीला. मिस्त्री हसला. पैसे मी देतो, हसला त्यांच्या बाजूने.

"बादली उपडी ठेवून भरता का हो तुम्ही?"

याला उत्तर होतं. मला ते रात्री अकराला सुचलं.

"याला फ्रेंच ड्रेन म्हणतात," मी म्हटलं.

"फ्रान्समध्ये चालत असेल."

फ्रान्सचा काडीचा संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या अमेरिकन वकिलाने 1859 साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं हे आडनाव. त्याच्या मुलाने वॉशिंग्टनमधला खुर्चीत बसलेला लिंकन घडवला. मुलाच्या कामापुढे लोक फोटो काढतात. बापाच्या कामावर काका उभे राहतात.

पाणी प्यायला पाच मिनिटं आत गेलो. परत येतो तर तीन पाइप उलटे, वर खडीसुद्धा टाकलेली. "काका म्हणाले," मिस्त्री म्हणाला. ती खडी पुन्हा उपसली माझ्या कमरेने, काकांच्या नाही. चर माझा, घर माझं, आणि माझा शब्द एका मिटलेल्या छत्रीपेक्षा हलका. याचा राग अजून गेलेला नाही.

खरं तर सगळ्यात आधी पन्हळीचं पाणी लांब सोडायला हवं होतं. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर होतात. ते मी इतकी वर्षं इमानेइतबारे भिंतीच्या बुडाशी ओतत होतो. आता ते लांब सोडलंय. काकांना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

परवा रात्रभर कोसळला. सकाळी मुद्दाम मोजे घालून उतरलो. कोरडं ठणठणीत! बाहेर पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार चालली होती.

भर पावसात काका तपासणीला आले. छत्री मिटून भिंतीला टेकवली, कोपरे बघितले, भिंतीला नख लावलं, वास घेतला. काही सापडेना. मग छत्रीच्या टोकापासून निघालेला ओघळ फरशीवरून सावकाश त्यांच्या चपलेपाशी आला. काका वाकले.

"हे बघा, आलं! तरी मी सांगत होतो, भोकं वर ठेवा."