चाकं तीन, माग किती?

दादा दिवाळीला कोलोरॅडोहून आला आणि कट्ट्यावर बसल्याबसल्या त्याने प्रश्न टाकला. घर नेडरलँड नावाच्या डोंगरातल्या गावात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८,२०० फुटांवर. नोकरी खाली बोल्डरला, सुमारे ५,४०० फुटांवर. मधे बोल्डर कॅन्यनचा २७ किलोमीटरचा घाट. हिवाळाभर रोज याच घाटाने जायचं, आणि सुट्टीला मॅग्नोलिया रोड, गोल्ड हिल असल्या कच्च्या, खडीच्या वाटांवर. तीनचाकी मोटारसायकल घ्यायची हे त्याचं नक्की आहे. कुठली घ्यायची, एवढंच ठरत नव्हतं. वाद दोन तास चालला. बऱ्याच कामाच्या गोष्टी निघाल्या, म्हणून लिहून ठेवतोय.

बंड्याने पहिल्याच घासाला नाव घेतलं, "कॅन-ॲम रायकर रॅली. पुढे दोन चाकं, मागे एक. ९०० सीसीचं तीन सिलिंडरचं रोटॅक्स इंजिन, ८२ हॉर्सपॉवर. गिअर नाही, क्लच नाही, स्कूटरसारखं पट्ट्यावर चालणारं सीव्हीटी. हिवाळ्यात जाड हातमोजे घालून क्लच दाबत बसायला नको. ब्रेक एकच, पायातला, तो तिन्ही चाकांना एबीएससकट लागतो. मागे शाफ्ट ड्राइव्ह, म्हणजे मिठाच्या पाण्यात चेन गंजायची भानगडच नाही. साध्या रायकरपेक्षा रॅलीचं सस्पेन्शन जास्त प्रवासाचं आहे, पोटाखाली पत्रा आहे. अजून काय पाहिजे?"

"घाटात बर्फ पडला की काय होतं ते सांग," अण्णा म्हणाले. अण्णांनी लॅम्ब्रेटा आणि चेतकला साईडकारी बसवण्यात हयात घालवली. कोलोरॅडो त्यांनी पाहिलेलं नाही, पण चाक कुठून जातं हे त्यांना बरोबर कळतं.

त्यांनी कडप्प्यावर चहाचा ओला ग्लास ठेवला, उचलला, थोडा सरकवून परत ठेवला. समांतर दोन ठसे. "हे मोटारींच्या चाकांचे माग. बर्फ पडल्यावर गाड्या जाऊन जाऊन हे दोन पट्टे मोकळे होतात. मधे काय राहतं?" त्यांनी दोन ठशांच्या बरोबर मध्ये बोट ठेवलं. "मधे दाबून घट्ट झालेल्या बर्फाची वरंब राहते. तुझ्या रायकरची पुढची दोन चाकं पट्ट्यांकडे, आणि मागचं चाक नेमकं वरंबीवर. जोर कोण देतं? मागचं. मग बर्फात जोर कसा लागणार?"

बंड्या थोडा थांबला. मग म्हणाला, "ट्रॅक्शन कंट्रोल आहे ना."

"ट्रॅक्शन कंट्रोल पकड आणून देत नाही रे. चाक घसरायला लागलं की इंजिनाचा जोर कापतं. सपाटीला ते उपयोगी. चढावर जोर कापला की गाडी उभी राहिली. रॅली मोडमध्ये मागचं चाक थोडं घसरू देतात, त्याने खडीवर मजा येते, पण चढावरच्या बर्फात त्याचा उपयोग थोडाच." अण्णा पुढे बोलत राहिले, "आणि मागचा टायर केवढा? २०५ मिलिमीटर रुंद. रुंद टायर मऊ बर्फावर तरंगतो. बर्फात अरुंद टायर चांगला, तो खाली कापत जातो आणि खालच्या रस्त्याला टेकतो."

हाच हिशेब मागे दोन चाकं असलेल्या ट्राइकलाही लागतो. हार्ली-डेव्हिडसनच्या ट्राय ग्लाइडसारख्या गाडीत मागची दोन चाकं जोर देतात हे खरं, पण पुढचं एकुलतं चाक त्या वरंबीवरून जातं. वळवणारं चाकच सगळ्यात घसरड्या जागी. दादाने ती यादीतून तिथेच काढली.

मग ताईने यामाहा निकेनचं नाव काढलं. पुढे दोन चाकं, पण गाडी साध्या मोटारसायकलसारखी ४५ अंशापर्यंत झुकते. पुढच्या दोन चाकांतलं अंतर ४१ सेंटिमीटर, त्यामुळे चालवताना ती दुचाकीच वाटते. ओल्या पानांवर किंवा सांडलेल्या खडीवर पुढचं एक चाक सुटलं तर दुसरं धरून ठेवतं. ताईचं म्हणणं असं की हिवाळ्यात माणूस पडतो तो बहुतेक वेळा पुढचं चाक सुटल्याने, आणि नेमका तोच धोका इथे कमी होतो. पावसाळी घाटात, ओल्या डांबरावर हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. पण निकेन सिग्नलला स्वतः उभी राहत नाही, पाय टेकावाच लागतो, आणि बर्फावर पाय टेकायची जागाच मिळत नाही. वजन २६० किलोच्या वर. मागचं चाक घसरलं तर ती दुचाकीसारखीच आडवी होते. पॅरिसमध्ये जागोजागी दिसणाऱ्या पियाजिओ एमपी३ मध्ये निदान थांबताना झुकणं लॉक करायचं बटण आहे. पण तिची चाकं स्कूटरची, छोटी. खडीच्या खड्ड्यात ती अडकतात. शहराच्या हिवाळ्याला एमपी३ चांगली, मॅग्नोलिया रोडला नाही.

"मग उरलं काय?" बंड्या.

"उराल," दादा आणि अण्णा एकदमच म्हणाले.

उराल म्हणजे रशियातल्या इर्बिटची साईडकार मोटारसायकल. मूळ १९४१ च्या एम-७२ चं, म्हणजे जर्मन बीएमडब्ल्यू आर-७१ वरून घेतलेलं. २०२२ पासून जोडणी कझाकस्तानात पेट्रोपावलला होते. ७४९ सीसी, दोन आडवे सिलिंडर, हवेने थंड होणारं इंजिन, ४१ हॉर्सपॉवर. चार पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स. स्टेपनी बरोबर, किक पण आहे. आणि गिअर अप नावाच्या मॉडेलला एक दांडा टाकून साईडकारच्या चाकालाही इंजिनाचा जोर देता येतो, तीच टू-व्हील ड्राइव्ह.

बंड्याने लगेच धरलं, "४१ हॉर्सपॉवर समुद्रसपाटीला. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के जातात. ८,२०० फुटांवर पाव भाग गेला, म्हणजे तीसएक उरले. वर सव्वातीनशे किलोचा सांगाडा, वर माणूस. घाट चढणार कसा?"

हा मुद्दा खोटा नाही. यावर दादाचं उत्तर नीट होतं. कॅन्यनमध्ये वळणं इतकी आहेत की वेग ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या वर जातच नाही, बर्फात तर त्याहूनही कमी. उराल आरामात चालते ती ताशी ८० ते ९० ला. हायवेवर ताशी १२० ने धावणाऱ्या मोटारींमध्ये रोज जायचं असतं तर उराल चूक ठरली असती. तिथे रायकरच. हा फरक विसरून उराल घेणारे नंतर पस्तावतात.

आता साईडकारचा माग. मोटारसायकलची दोन चाकं एका रेषेत, साईडकारचं चाक बाजूला. म्हणजे दोनच माग. ते मोटारीएवढे रुंद नसतात, त्यामुळे दोन्ही चाकं दोन्ही पट्ट्यांत बसणार नाहीत. पण मोटारसायकल पट्ट्यात ठेवायची की साईडकार, हे चालवणारा ठरवू शकतो. जोर देणारं आणि वळवणारं अशी दोन्ही चाकं मोकळ्या पट्ट्यात ठेवायची आणि साईडकारचं चाक वरंबीवर लोटत न्यायचं. तीन माग पाडणाऱ्या गाडीला हे जमतच नाही.

टू-व्हील ड्राइव्हबद्दल अण्णांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. उरालमध्ये या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल नाही. दांडा टाकला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगळं फिरायला हवं, तसं ते फिरत नाही, म्हणून गाडी सरळच जायला बघते. कोरड्या डांबरावर दांडा टाकून वळलात तर एकतर वळणार नाही, नाहीतर स्प्लाइनवर, म्हणजे जोर पोचवणाऱ्या दांड्याच्या खाचांवर, ताण येऊन तिथलं धातूकाम खाल्लं जाईल. दांडा फक्त बर्फ, चिखल, वाळू, सुटी खडी यांवर. आणि रुतण्याआधी टाकायचा, रुतल्यावर नाही. बाहेर आल्यावर दांडा सुटत नसेल तर ताण अडकलेला असतो, गाडी वीतभर मागे घ्यायची, सुटतो.

मग वळण आणि ब्रेकची गोष्ट निघाली. अण्णा म्हणाले, "डाव्या वळणाला साईडकार उचलते, जपून."

"अण्णा, तिकडे साईडकार उजवीकडे," दादा म्हणाला. अण्णांनी दोन क्षण हाताने हवेत गाडी वळवून पाहिली. मग सगळं उलटं करून सांगितलं, आणि एकही चूक केली नाही. उजव्या वळणाला साईडकार हवेत येते, कारण वजन बाहेर जातं. जोरात डावं वळण घेतलं तर साईडकारचं नाक खाली दबतं आणि मागचं चाक हलकं होतं. एक्सलरेटर दिला की गाडी उजवीकडे ओढते. ब्रेक नुसता मोटारसायकलला लागला तर साईडकार पुढे धावते आणि गाडी डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला खेचली जाते. म्हणून घाटासाठी साईडकारच्या चाकालाही ब्रेक हवाच. २०१४ पासूनच्या उरालला तिन्ही चाकांना डिस्क आहे आणि साईडकारचा ब्रेक मागच्या पायब्रेकला जोडलेला आहे. त्याच वर्षी फ्युएल इंजेक्शनही आलं. त्याआधीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना शून्याच्या जरा वरच्या दमट थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायची सवय असते, इंजिन चालता चालता गुदमरतं. जुनी घेतानाही २०१४ च्या आधीची नको, यावर चौघांचं एकमत झालं.

साईडकार रिकामी ठेवायची नाही. ३० ते ४० किलो वाळूच्या पिशव्या, तळाशी, चाकाच्या जवळ, पट्ट्याने बांधून. उजव्या वळणाला साईडकार खाली राहते, टू-व्हील ड्राइव्हच्या वेळी त्या चाकावर वजन राहतं, आणि कुठे अडकलंच तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. पाण्याचे कॅन ठेवू नका, गोठतात आणि फुटतात.

अलाइनमेंटवर, म्हणजे साईडकार आणि मोटारसायकल एकमेकींना कुठल्या कोनात बसवायच्या यावर, अण्णा सगळ्यात जास्त बोलले. तिकडे मेकॅनिक मिळेल न मिळेल, म्हणून दादाने स्वतः शिकावं असा त्यांचा आग्रह. आधी तिन्ही टायरची हवा बरोबर. दोन मीटरचे दोन सरळ ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप घ्यायचे, जमिनीपासून दहाएक सेंटिमीटर वर विटांवर ठेवून एक मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना आणि एक साईडकारच्या चाकाला टेकवायचा. पुढच्या चाकाच्या पुढे अंतर मोजायचं, मागच्या चाकाच्या मागे मोजायचं. पुढचं अंतर कमी भरलं पाहिजे, म्हणजे साईडकारचं चाक किंचित आत वळलेलं हवं. नेमका फरक गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, बहुतेक साईडकारना १० ते २० मिलिमीटर. मग मोटारसायकल साईडकारपासून बाहेर एक ते दोन अंश झुकलेली ठेवायची, आणि हे चालवणाऱ्याच्या वजनासकट बघायचं. कुणीतरी सीटवर बसायलाच हवं, नाहीतर सस्पेन्शन दबल्यावर आकडा बदलतो. सरळ रस्त्यावर गाडी सतत साईडकारकडे ओढत असेल तर झुकाव थोडा वाढवायचा. मागचा टायर करवतीसारखा झिजत असेल तर आत वळवलेला कोन जास्त आहे. क्लॅम्पचे बोल्ट पहिल्या ५०० किलोमीटरनंतर परत आवळायचे.

टायरचा विषय निघाला तेव्हा बंड्याने आपला मुद्दा परत मांडला, आणि तो बरोबर होता. तापमान ७ अंशाच्या खाली गेलं की उन्हाळी रबर कडक होतं, मग चाकं तीन असोत की चार, पकड जाते. मिटास, हायडेनाऊ, आन्लास या कंपन्या स्कूटर-मोटारसायकलसाठी हिवाळी रबर करतात. पण रायकरच्या पुढच्या १४५/६०-१६ मापाचा हिवाळी टायर घेण्याआधी मिळतो का ते बघूनच गाडी ठरवावी. उरालचा १९ इंची अरुंद टायर या बाबतीत सोपा. साईडकारचा मागचा टायर मात्र पुढच्यापेक्षा कितीतरी आधी संपतो, कारण सगळा ओढा त्याच्यावर. स्टेपनी त्यासाठीच. खिळ्यांचे टायर कोलोरॅडोत चालतात, मिनेसोटात राहणाऱ्यांना बंदी आहे. राज्य बदललं तर कायदा आधी बघायचा.

मीठ. कोलोरॅडोत रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराईडचं पाणी मारतात. ते हवेतली ओल धरून राहतं, म्हणून गाडी उभी असतानाही गंज चालूच. रोज संध्याकाळी थंड पाण्याने धुवायची, गरम नाही. गरम पाण्याने गंजण्याची क्रिया वाढते. आऱ्या, ब्रेक कॅलिपरच्या पिना आणि वायरिंगचे जोड या तीन जागा आधी. जोडांत डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं ग्रीस, उघड्या धातूवर गंजरोधक तेलाचा फवारा, पण डिस्कवर थेंबही नाही.

कपड्यांचं ताईने चटकन उरकलं. उणे ५ अंशात ताशी ८० ने गेलं की अंगाला उणे १७ सारखं लागतं. आत तापणाऱ्या तारांचं जाकीट ७५ ते ९० वॅट, हातमोजे २५, गरम ग्रिप ३५. म्हणजे १५० वॅटपर्यंत, बारा अँपिअर. अल्टरनेटरमधून हेडलाइट आणि इंजेक्शन वजा जाता एवढं उरतं का, हे आधी मोजायचं. हँडलला जाड बाह्या बसवल्या तर हातमोज्यांचे वॅट वाचतात. लिथियमची बॅटरी नको, कडाक्यात सकाळी ती जोरच देत नाही. आणि उरालचे आडवे सिलिंडर पायांसमोर येतात, चिखलपाणी तिथेच अडतं आणि पाय गरम राहतात.

बंड्या शेवटपर्यंत रायकरवर ठाम होता. किमतीतही तो फरक मांडत होता, रॅली पंधरा हजार डॉलरच्या आसपास, नवी गिअर अप वीस हजारांच्या वर. त्याने एक गोष्ट मात्र मान्य करून घेतली, की घाटात रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा धरलेल्या सकाळी दोन्हीतली एकही गाडी काढायची नाही, नेडरलँडहून बोल्डरला बस जाते. दादाने तेही लिहून घेतलं.

दादा आता २०१४ नंतरची वापरलेली गिअर अप बघणार आहे. अण्णांनी त्याला बघायचा क्रम सांगितला. आधी फायनल ड्राइव्हचं, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं, तेल थोडं बोटावर घ्यायचं आणि उन्हात धरायचं. चकाकणारे कण दिसले तर पुढे काही बघायचं नाही, परत यायचं. मग साईडकारचं चाक जॅकवर उचलायचं, दांडा टाकायचा आणि ते चाक हाताने पुढेमागे हलवायचं. बोटभर खेळ असेल तर स्प्लाइन खाल्ले आहेत. मग छोट्या पान्याने आऱ्या एकेक वाजवायच्या. जी ठणकत नाही ती ढिली. शेवटी साईडकारच्या चौकटीच्या चारही जोडांवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसायचा, आणि रंगाखाली केसाएवढी तरी भेग आहे का ते टॉर्च आडवा धरून बघायचं.