झहीर खान मोठ्या मॅचचा बॉलर नव्हता? आधी त्या मॅच बघा

वर्ल्ड कप जवळ आला की हा मेसेज परत फिरायला लागतो. भारताचा फास्ट बॉलर झहीर खान ओव्हररेटेड होता, २००३ च्या वर्ल्ड कप फायनलला ऑस्ट्रेलियासमोर पहिल्याच ओव्हरमध्ये हातपाय गळाले, कायम दुखापती घेऊन बसलेला, आणि टेस्टला ३३ च्या ॲव्हरेजचा (म्हणजे एका विकेटमागे ३३ रन देणारा) बॉलर कसला ग्रेट. लोक न वाचता पुढे ढकलतात म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ती २००३ ची ओव्हर. १५ रन गेले, नो बॉल आणि वाइड पडले, सगळं खरं आहे, पुढे ७ ओव्हरमध्ये ६७ आणि विकेट एकही नाही. पण त्या दिवशी श्रीनाथसारख्या मुरलेल्या बॉलरलाही १० ओव्हरमध्ये ८७ पडले, ऑस्ट्रेलियाच्या दोनच विकेट गेल्या त्या दोन्ही हरभजनला, पाँटिंग नाबाद १४० आणि स्कोअर ३५९. सगळ्यांचीच धुलाई झाली आणि बिल फाडायचं एकट्या २४ वर्षांच्या पोराच्या नावावर? त्याच वर्ल्ड कपमध्ये आपल्याकडून सगळ्यात जास्त विकेट त्याच्याच होत्या, १८. सेंच्युरियनला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्याच ओव्हरमध्ये मॅकमिलन आणि ॲस्टलला काढलं, ४२ मध्ये ४ घेतल्या, ती मॅच कोणाला आठवत कशी नाही?

आता मोठ्या मॅचचंच बोलायचं तर २०११ चा वर्ल्ड कप घ्या ना. बंगळुरूला ३३८ चा पाठलाग करताना इंग्लंड २ बाद २८१, स्ट्रॉस १५८ वर खेळतोय, मॅच आपल्या हातातून गेल्यातच जमा होती, तेव्हा धोनीने बॉल दिला कोणाला तर झहीरला, आणि त्याने लागोपाठच्या दोन बॉलवर बेल आणि स्ट्रॉस दोघांनाही काढलं, मग कॉलिंगवूडचा बोल्ड, आणि म्हणून ती मॅच टाय झाली नाहीतर सरळ हरलो होतो. क्वार्टर फायनलला ऑस्ट्रेलियाच्या माइक हसीला स्लोअर वनवर, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेल्या बॉलवर, बोल्ड केलं, हसीला बॉल कळलाच नाही. आणि वानखेडेची फायनल, पहिला स्पेल ५ ओव्हर, ३ मेडन (एकही रन न दिलेल्या ओव्हर), ६ रन, थरंगाची विकेट. शेवटी त्याला मार बसला, एकूण ६० गेले, तेही सांगतो, लपवायचं काय आहे त्यात. पण सुरुवातीला श्रीलंकेला त्याने जे जखडून ठेवलं ते गळपटणाऱ्या माणसाचं काम नाही. त्या वर्ल्ड कपला २१ विकेट, आफ्रिदीबरोबर संयुक्त पहिला नंबर. याच्याहून मोठ्या मॅच कुठून आणायच्या?

आणि टेस्टमध्ये इंग्लंडविरुद्धची ट्रेंट ब्रिज २००७. बॅटिंगला आला तर इंग्लंडच्या खेळाडूंनी पिचवर जेली बीन्सच्या गोळ्या टाकून ठेवलेल्या, तो जाम भडकला, आणि मग दुसऱ्या इनिंगला ७५ मध्ये ५. मॅचमध्ये ९ विकेट, मॅन ऑफ द मॅच, आणि इंग्लंडमध्ये १९८६ नंतर पहिल्यांदा आपण सीरिज जिंकलो. त्याच्या आदल्याच वर्षी टीमबाहेर असताना वूस्टरशायरकडून काउंटी, म्हणजे इंग्लंडमधलं स्थानिक क्रिकेट, खेळायला गेला होता, रनअप छोटा केला, बॉलवर कंट्रोल आणला. माझ्या मते त्याच्या करिअरचा खरा टर्निंग पॉइंट तो, आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

दुखापती होत्या, नाही कशाला म्हणू. २०११ ला इंग्लंडविरुद्ध लॉर्ड्सच्या टेस्टच्या पहिल्याच दिवशी हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेली. पण जाण्याआधी १८ रनमध्ये दोन्ही ओपनर काढून गेला होता आणि तो गेल्यावर ती सीरिज आपण ४-० हरलो, म्हणजे टीम त्याच्यावर किती टेकलेली होती ते बघा. शेवटची टेस्ट वेलिंग्टन २०१४, न्यूझीलंडच्या मॅक्युलमने ३०२ ठोकले त्या इनिंगमध्ये ३५ वर्षांच्या झहीरने ५१ ओव्हर टाकल्या आणि ५ विकेट काढल्या. अंग चोरणारा माणूस ५१ ओव्हर टाकतो का?

राहिलं ॲव्हरेज, ३२.९४. ९२ टेस्ट, ३११ विकेट, रिटायर झाला तेव्हा भारतीय फास्ट बॉलरमध्ये त्याच्या पुढे फक्त कपिल देव. घरी खेळायचं तर बहुतेक वेळा स्पिनरसाठी बनवलेल्या पिचवर, दोन-तीन स्पेल टाकायचे आणि मग कुंबळे-हरभजनकडे बॉल द्यायचा. अशा पिचवर जुना बॉल रिव्हर्स करून, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेला वळवून, विकेट काढणं किती अवघड आहे ते ॲव्हरेजच्या आकड्यात दिसत नाही. राउंड द विकेट (स्टंपच्या दुसऱ्या बाजूने) येऊन, धावताना दुसऱ्या हाताने बॉल झाकून, बॅट्समनला चकाकी कुठल्या बाजूला आहे ते कळूच द्यायचं नाही, हे त्याने इतकं पक्कं केलं होतं की इंग्लंडच्या जेम्स अँडरसनने स्वतः सांगितलंय की तो झहीरला बघून हे शिकायचा. ज्याच्या टेस्टमध्ये ७०० च्या वर विकेट आहेत तो माणूस आपल्या श्रीरामपूरच्या पोराकडून शिकला, आणि आपल्याकडे अजून एका ओव्हरवरून त्याला मोजतायत.