बंब नगरपालिकेचा, माणसे गावातली

जर्मनीत आज सुमारे दहा लाख लोक आपापला व्यवसाय सांभाळून स्वयंसेवी अग्निशमन दलांत काम करतात, हे सांगितले की आपल्याकडे बहुधा एकच प्रतिक्रिया येते : "तिकडच्या लोकांना नागरिकत्वाची जाणीवच वेगळी." मला हे म्हणणे पटत नाही. या दलांचा इतिहास पाहिला, तर तेथील माणूस जन्मतः अधिक जबाबदार असल्याचा कोणताही पुरावा त्यात सापडत नाही. सापडते ती एका छोट्या गावाने विचारपूर्वक उभी केलेली व्यवस्था. त्या गावाचे नाव डुर्लाख.

डुर्लाख हे नैऋत्य जर्मनीतील बाडेन या तेव्हाच्या वेगळ्या संस्थानातले, एकेकाळी राजधानीचा मान असलेले गाव. 1689 मध्ये चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्याने ते जवळजवळ संपूर्ण जाळून टाकले. पुढे 1715 मध्ये तेथील राजाने काही किलोमीटरवर कार्ल्सरूहे हे नवे शहर वसवून दरबार तिकडे हलवला आणि डुर्लाख मागे पडले. कारागीर, शेतकरी, छोटे व्यापारी आणि दाटीने उभी असलेली घरे, एवढेच त्याचे उरलेले वैभव होते.

त्या काळी युरोपातील बहुतेक गावांप्रमाणे तेथेही आग विझवणे हे सक्तीचे कर्तव्य असे. घंटा वाजली की प्रत्येक घरातून चामड्याची बादली घेऊन माणसाने धावत जायचे, विहिरीपासून किंवा नदीपासून आगीपर्यंत रांग लावायची आणि बादल्या हातोहात पुढे सरकवायच्या. कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते, कारण तिच्यात सगळे गाव सामील असते. प्रत्यक्षात मात्र कोणी कोणाचे ऐकायचे हे ठरलेले नसे, पंप असला तरी तो चालवण्याचा सराव कोणालाच नसे, आणि बघ्यांच्या गर्दीतून वाट काढण्यातच मोलाचा वेळ जाई. 1842 च्या मे महिन्यात हॅम्बुर्ग चार दिवस जळत राहिले. एक्कावन्न माणसे गेली आणि सुमारे वीस हजार लोक बेघर झाले. त्या शहरात आग विझवणाऱ्या माणसांची वाण नव्हती, तरीही हे घडले. नुसत्या संख्याबळावर भिस्त ठेवण्याचे दिवस संपले आहेत, हे त्यानंतर अनेक नगरपालिकांच्या ध्यानात आले असावे.

डुर्लाखचे नगर-वास्तुविशारद ख्रिस्टियान हेंग्स्ट यांनी 1846 मध्ये जे केले, ते मला या पार्श्वभूमीवर फार महत्त्वाचे वाटते. नगरपालिकेने हायडेलबर्गचे कारखानदार कार्ल मेत्स यांच्याकडून नव्या बनावटीचा हातपंप घेतला. मेत्स यांचा आग्रह असा होता की, चांगले यंत्र सराव नसलेल्या जमावाच्या हाती देऊन काही उपयोग नाही, त्याच्यासाठी कायमची, शिकवलेली तुकडी हवी. हेंग्स्ट यांनी ती तुकडी गावातल्याच स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांमधून उभी केली. शिडीवर कोण चढणार, नळी कोण धरणार, पंपाच्या दांड्यावर कोण राहणार आणि हुकूम कोणाचा चालणार, हे आग लागण्याआधीच ठरलेले असे, आणि त्याची नियमित कवायत होई. मेत्स यांना अर्थातच आपले पंप विकायचे होते. परंतु व्यापाऱ्याचा स्वार्थ आणि गावाचे हित एका रेषेत आले असेल, तर त्यात कमीपणा मानण्याचे मला कारण दिसत नाही.

या दलाची खरी परीक्षा वर्षभराच्या आतच झाली. 28 फेब्रुवारी 1847 रोजी कार्ल्सरूहेच्या राजवाड्यालगतच्या दरबारी नाट्यगृहात, खेळ सुरू होण्यापूर्वी, राजघराण्याच्या कक्षात गॅसच्या दिव्याची ज्योत कापडी सजावटीला लागली. नाट्यगृहाचा अंतर्भाग बहुतांशी लाकडाचा होता, त्यामुळे आग काही मिनिटांत वरच्या सज्जांपर्यंत पोहोचली. बाहेर पडण्याचे काही मार्ग बंद होते. साठांहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले, आणि त्यांतले बरेचसे वरच्या, स्वस्त जागांवर बसलेले होते. राजधानीच्या शहरात राजाश्रय असलेल्या वास्तूत हे घडले, आणि राजधानीपाशी या आगीला तोंड देऊ शकेल असे सरावलेले दल नव्हते. वर्दी मिळताच डुर्लाखची तुकडी आपला पंप घेऊन निघाली. नाट्यगृह वाचण्याच्या पलीकडे गेले होते. परंतु या माणसांनी शिस्तीने पाण्याचा मारा करून आग शेजारच्या इमारतींकडे आणि राजवाड्याकडे सरकू दिली नाही. ज्या गावाला मागे टाकून राजधानी उभारली गेली, त्याच गावातल्या लोकांनी ती राखली. त्याच वर्षी कार्ल्सरूहेने स्वतःचे स्वयंसेवी दल स्थापन केले आणि पाठोपाठ अनेक गावांनी तोच कित्ता गिरवला.

जर्मनीतले पहिले स्वयंसेवी दल कोणते, याविषयी तेथे जुना वाद आहे. सॅक्सनीतील मायसेन येथे असे दल 1841 मध्येच स्थापन झाले होते, आणि तारखेच्या हिशेबाने मान त्यांचाच आहे. मला मात्र या वादात डुर्लाखकडे झुकावेसे वाटते, कारण यंत्र, तुकडी आणि कवायत यांची जी सांगड पुढे गावोगावी उचलली गेली, ती तिथल्या उदाहरणातून पसरली.

पुढचा काळ सोपा नव्हता. बाडेन आणि शेजारच्या वुर्टेंबर्गमधल्या अनेक दलांचा गाभा व्यायाम मंडळांतल्या तरुणांचा होता, आणि हीच मंडळे लोकशाहीच्या विचारांनी भारलेली होती. 1848-49 च्या क्रांतीत बाडेन अग्रभागी होते. 25 जून 1849 रोजी ती क्रांती मोडायला आलेल्या प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या सैन्याशी प्रत्यक्ष डुर्लाखपाशी लढाई झाली. क्रांती चिरडली गेल्यावर नागरिकांच्या प्रत्येक संघटनेकडे सरकार संशयाने पाहू लागले, आणि गणवेश घालून कवायत करणारी संघटना तर अधिकच. तरीही दले टिकली, कारण आग थांबत नव्हती. 1853 मध्ये उल्म शहरातल्या दलाचे प्रमुख कॉनराड डीट्रिख मागिरुस यांच्या पुढाकाराने प्लोखिंगेन येथे निरनिराळ्या गावांच्या दलांची बैठक झाली आणि अनुभवांची देवाणघेवाण सुरू झाली. उलट दिशेचा मोठा घाव 1938 साली बसला. नाझी राजवटीच्या कायद्याने अग्निशमन दले पोलीस यंत्रणेच्या दावणीला बांधली आणि त्यांच्या स्वतंत्र संघटना मोडीत काढल्या. त्याच वर्षी डुर्लाख हे गावही कार्ल्सरूहे शहरात विलीन झाले. युद्धानंतर ही दले पुन्हा नगरपालिकांकडे आली, आणि डुर्लाखचे दल आजही शहराच्या अग्निशमन व्यवस्थेचा भाग म्हणून काम करते.

आजच्या रचनेतील दोन गोष्टी मला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, अग्निशमन दल ठेवणे ही नगरपालिकेची कायदेशीर जबाबदारी आहे. स्वयंसेवक पुढे आले म्हणून तिला हात झटकता येत नाहीत. वाहन, साधने, प्रशिक्षण, विमा हे सर्व तिनेच पुरवायचे असते, आणि स्वयंसेवक कामाच्या वेळेत आगीवर गेला तर त्याचा पगार बुडत नाही, मालकाला त्याची भरपाई मिळते. दुसरी गोष्ट अशी की, डुर्लाख ज्यात येते त्या आजच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात अशा दलाचा प्रमुख दलातले सदस्यच निवडतात आणि नगरपालिका त्या निवडीला मान्यता देते. धोक्याच्या जागी ज्याचा हुकूम निमूटपणे पाळायचा, तो माणूस आपण निवडलेला आहे, यातून येणारा विश्वास वरून नेमणूक करून मिळत नाही.

आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांत, अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदाही आहे. एखाद्या वस्तीत सिलिंडरचा स्फोट झाला किंवा उभा ऊस पेटला, की बंब येईपर्यंत शेजारीपाजारीच धावतात. त्यांत धाडसाची उणीव मला कधी दिसलेली नाही. या धावणाऱ्या माणसांना आज शिक्षण नाही, साधने नाहीत, आणि भाजल्यास विम्याचे संरक्षण नाही. म्हणून माझी आपल्या नगरपरिषदांकडे मागणी अशी आहे की, प्रत्येक तालुक्याच्या गावी पगारी जवानांच्या जोडीला, त्यांची पदे न घटवता, गावातल्या तरुण-तरुणींची एक नोंदणीकृत तुकडी तयार करावी, तिचा विमा पहिल्या दिवसापासून उतरवावा, आणि दर आठवड्याला जवानांच्या देखरेखीखाली तिची कवायत व्हावी. त्याचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा, म्हणजे तो दरवर्षी होतो की नाही हे नागरिकांना तपासता येईल.