भिजत पडलेला साबुदाणा

उपासाच्या दिवशी स्वयंपाकघराला सुट्टी असते असे ज्यांना वाटते, त्यांनी आदल्या रात्री कधी साबुदाणा भिजवलेला नसतो. आमच्या घरी संकष्टी चतुर्थीचा उपास पत्नी करते, चंद्रोदयानंतर तो सोडते आणि त्याचे पुण्यही रीतसर तिच्याच खात्यावर जमा होते. साबुदाणा भिजवून त्याची खिचडी करणे मात्र घरातल्या कामांच्या वाटणीत माझ्याकडे आले आहे. साहित्य पाहिले तर हे काम सर्वांत हलके वाटावे. साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट, बटाटा, हिरवी मिरची, जिरे, तूप, मीठ आणि चिमूटभर साखर, की संपली यादी. मोहरी चालत नाही, हळदही चालत नाही. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. त्यांना उपासाला मानाचे पान, आणि याच मातीतली हळद मात्र डब्यात बंद, यामागचा न्याय मी आत्याला विचारून पाहिला होता. तिने मला बटाटे सोलायला बसवले.

खिचडीचे भवितव्य गॅसवर नव्हे, तर आदल्या रात्री पातेल्यातच ठरते. साबुदाण्यात पाणी किती घालावे, याविषयी दर घरात किमान दोन मते असतात आणि दोन्ही मतांची माणसे एकाच वेळी ओट्यापाशी उभी असतात. आईचे म्हणणे असे की, दाण्यांच्या वर बोटाचे अर्धे पेर पाणी राहिले पाहिजे. बोट कोणाचे, हे तिने अद्याप स्पष्ट केलेले नाही. आत्याच्या मते वर पाणी दिसले की साबुदाणा गेलाच. तो दोनदा चोळून धुवावा, पाणी पूर्ण निथळावे, एक हबका मारावा आणि झाकण ठेवून सकाळपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये. पत्नीच्या माहेरी म्हणे तो पाण्याऐवजी ताकात भिजवतात. वाण्याला विचारावे, तर तो "एक नंबर माल आहे, कसाही भिजवा," असे सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

माझे निरीक्षण असे की दोष बोटाचाही नाही आणि हबक्याचाही नाही. आपल्याकडे येणारा साबुदाणा प्रामुख्याने तमिळनाडूतल्या सेलम भागात तयार होतो. तिथे हा उद्योग १९४० च्या दशकात उभा राहिला. कसाव्याचे कंद किसून त्यांचा स्टार्च पाण्यात निवळवतात, तो ओलसर असतानाच हलवून हलवून त्याचे दाणे वळवतात, ते तापलेल्या पत्र्यावर भाजतात आणि मग वाळवतात. भाजताना दाण्याची बाहेरची बाजू शिजून घट्ट होते आणि आतला स्टार्च बराचसा कच्चा राहतो. ही बाहेरची बाजू किती शिजली आणि दाणा किती वाळला यावर त्याची तहान अवलंबून असते, आणि ती पाकिटावर छापलेली नसते. त्यामुळे गेल्या चतुर्थीला तंतोतंत जमलेले प्रमाण या चतुर्थीला बिनदिक्कत दगा देते. तमिळनाडूत साबुदाण्याचे पायसम करतात. त्यात दाणे एकमेकांना चिकटले काय किंवा अर्धे विरघळले काय, कोणाचेच काही बिघडत नाही. खिचडी मोकळी झाली पाहिजे ही अट आपण घातली, आणि तीही अशा पदार्थावर, ज्याचा जन्मजात स्वभावच चिकटण्याचा आहे.

सकाळी परीक्षा सुरू होते. दाणा चिमटीत दाबल्यावर सहज चुरला पाहिजे. मधे कणी लागली तर तो भिजलेला नाही, आणि बोटालाच लगदा लागला तर जास्त भिजला. घरातला प्रत्येक जण येता-जाता एकेक दाणा दाबून निकाल देतो, त्यामुळे कढईत पडण्यापूर्वीच पसाभर साबुदाणा तपासणीत खर्ची पडतो. पुढचे काम मिनिटांचे असते. कूट, मीठ आणि साखर साबुदाण्याला आधीच लावून ठेवायची, तुपात जिरे, मिरची आणि बटाट्याच्या काचऱ्या परतायच्या, मग साबुदाणा घालायचा. साठ-सत्तर अंशांच्या आसपास स्टार्च फुगून पारदर्शक आणि चिकट होऊ लागतो. कुटातले तेल मधे पडून दाण्यांना एकमेकांपासून दूर ठेवते, म्हणून कुटाच्या बाबतीत हात आखडू नये. नेमक्या या नाजूक क्षणी आई डावीकडून "ढवळू नकोस, गोळा होईल," म्हणते आणि आत्या उजवीकडून "अरे ढवळ, खाली लागतंय," म्हणते. दोघींचेही बरोबर असते.

निकाल आत्याच देते. पहिला घास घेऊन ती "छान मोकळी झालीय," असे म्हणाली, तर काही प्रश्नच नाही. ती "चव चांगली आहे," असे म्हणाली, की समजावे, खिचडीचे डाव उलटून ठेवता येतील असे गोळे झाले आहेत. अशा गोळ्यांत आमच्याकडे उकडलेला बटाटा आणि आणखी कूट मिसळून वडे तळले जातात. मागच्या वेळी ते सर्वांना इतके आवडले की पुढच्या चतुर्थीला खिचडीच्या भानगडीत न पडता थेट वडेच करायचे, असा ठराव घरात एकमताने झाला.

मी निश्चिंत मनाने साबुदाणा भिजवला, पाणीही सढळ हाताने घातले. सकाळी झाकण काढले, तर दाणा न् दाणा सुटा, टपोरा आणि कोरडा. तो बटाट्याला धरून राहीना, आणि पहिला वडा तेलात पडताच चारही दिशांना उधळला. आवाज ऐकून आत्या आत आली आणि तिने पातेल्यात डोकावून पाहिले.

"अरे, इतका मोकळा साबुदाणा आणि त्याचे वडे करतोस? खिचडी नसती का केलीस!"