हळद पिवळी का दिसली नाही?

फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: रॉ फाइल (कॅमेऱ्याने साठवलेली कच्ची फाइल) फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू नका, रंग मरतात, मूळ फाइल बिघडते, ही सगळी हौशी पोरांची खेळणी, आणि नवे कॅमेरे त्यात चालतच नाहीत.

‘रंग मरतात’ कुठून आलं ते मला ठाऊक आहे, कारण पहिल्यांदा मीही दचकलो होतो. हळदीचा फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पिवळाधमक. तोच डार्कटेबल या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला तर नवरी आजारी वाटावी इतका मळकट. पण स्क्रीनवर दिसते ती रॉ नसतेच. तो रॉच्या पोटात ठेवलेला जेपेग असतो, कंपनीने आपल्या चवीनं फोडणी दिलेला. रॉमध्ये असतात सेन्सरचे नुसते आकडे: १४ बिटच्या फाइलमध्ये दर पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या, आणि त्याही लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाच्या. त्यातून चित्र कसं काढायचं हे कुणीतरी ठरवावंच लागतं. विकतचं सॉफ्टवेअर बरंचसं परस्पर ठरवून मोकळं होतं, डार्कटेबल ते तुमच्यावर सोडतं. एक्स्पोजर जरा वर, सिग्मॉइड नावाच्या टूलमध्ये कॉन्ट्रास्ट, कलर बॅलन्समध्ये थोडं सॅच्युरेशन, की हळद जागेवर.

‘मूळ फाइल बिघडते’ हे धादांत खोटं. तुमचे बदल शेजारच्या छोट्याशा फाइलमध्ये लिहिले जातात. डार्कटेबलची एक्सएमपी, रॉथेरपी या तशाच दुसऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरची पीपी३. रॉला हात लागत नाही.

खेळणी? डेव्ह कॉफिन यांनी १९९७मध्ये डीसीरॉ हा रॉ फाइल उघडणारा फुकटचा प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि त्यांचा कोड पुढे कित्येक प्रोग्रॅमांनी उचलला, विकतच्यांनीसुद्धा. रॉथेरपीतली ‘अमेझ’ ही पद्धत, म्हणजे एकेका रंगाच्या पिक्सेलांतून पूर्ण रंगीत चित्र जुळवण्याची, शिकागो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ एमिल मार्टिनेक यांची. पोरं चांगलीच हुशार म्हणायची.

नव्या कॅमेऱ्यांचं मात्र अर्धं खरं आहे. कॅननचा सीआर३ हा रॉ फाइलचा फॉरमॅट २०१८मध्ये आला आणि डार्कटेबलमध्ये उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. तेव्हा बॉडी घेण्याआधी सॉफ्टवेअरच्या साइटवरची कॅमेऱ्यांची यादी बघा. मॉडेल नसेल तर फाइल डीएनजी या अडोबीच्या रॉ फॉरमॅटमध्ये बदलून घ्या, बहुतेक वेळा काम भागतं. त्यासाठीचा कन्व्हर्टरही अडोबीचाच आहे. तोही फुकट.