लाल लालला, काळी काळीला?

स्पीकरच्या वायरी जोडताना सगळे म्हणतात, "लाल लालला, काळी काळीला, झालं!" अहो, काय झालं? 800 हर्ट्झला क्रॉसओव्हर (खालचे सूर वूफरला, म्हणजे मोठ्या स्पीकरला, आणि वरचे हॉर्नला, म्हणजे कर्ण्याला, अशी वाटणी जिथे होते ती सीमा), म्हणजे तिथे आवाजाची लाट साधारण 43 सेंटिमीटरची. हॉर्नचा डायफ्रॅम (आवाज काढणारा पडदा) वूफरच्या 21 सेंटिमीटर मागे बसला की अर्धी लाट उलटलीच! वर ही वाटणी करणारा 12 डीबीचा फिल्टर दोघांच्या लाटांत 180 अंशांचा फरक पाडतो (लाट उलटी), 24 डीबीचा 360 (पुन्हा सुलटी). मग सगळीकडे एकच जोडणी कशी चालेल? जेबीएल कंपनीच्या जुन्या स्पीकरच्या लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन (वूफरचा पडदा) आत जायचा, हे कुणी बघायचं? दीड व्होल्टचा सेल वूफरला टेकवा, डोळ्यांनी दिसतं! (हॉर्नमागच्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरला मात्र नको.) कालही तेच. गाणाऱ्याचा गळा पोकळ, आणि सगळे जण इक्वलायझरची (सूर कमी-जास्त करायची) बटणं पिळत बसलेले. शेवटी मीच हॉर्नच्या दोन वायरी उलटवल्या. तबल्याची चाट लख्ख परत आली!