‘ज्याचा पैसा त्याची अट’: एका प्रतिक्रियेला उत्तर

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी कुणाच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती ठेवायची असेल तर अटी कमीत कमी ठेवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याचा पैसा त्याची अट, गेलेल्या माणसाची इच्छा मोडणारी निवड समिती कोण लागून गेली, आणि नियम ढिले ठेवले की शिष्यवृत्ती ओळखीपाळखीच्यांच्याच घरी जाते.

‘अटी कमी’ म्हणजे सगळ्याच कमी, असा अर्थ तुम्ही काढलात त्यात दोष माझा. पैशाबद्दलचे नियम मला लोखंडी हवेत. ढिलाई हवी ती विद्यार्थ्याबद्दलच्या अटींत. बहुतेक विश्वस्तपत्रांत, म्हणजे शिष्यवृत्तीचा ट्रस्ट करताना लिहिलेल्या दस्तांत, नेमकं उलटं दिसतं: विद्यार्थी कोणत्या शाखेचा, किती टक्क्यांचा, कोणत्या स्वभावाचा यावर पानभर मजकूर, आणि निधीबद्दल एक ओळ, ‘व्याजातून दरवर्षी रक्कम द्यावी’.

ही एक ओळ शिष्यवृत्तीचा जीव घेते. समजा निधीवर ८ टक्के मिळतात आणि महागाई ५ टक्क्यांनी वाढते. सगळे ८ वाटून टाकले तर आकडा तोच राहतो, पण साधारण १४ वर्षांत त्याची किंमत अर्धी होते, २८ वर्षांत चतकोर. सुरुवातीला ज्या रकमेत वर्षाची फी भागायची तिच्यात पुढे चार पुस्तकं येतात, आणि तरीही समारंभ होतो, हार घातला जातो. म्हणून ५ मूळ निधीत परत टाकायचे, ३ वाटायचे. वाटायची रक्कम मागच्या तीन वर्षांच्या सरासरीवर काढायची, म्हणजे एखादं वर्ष वाईट गेलं तर शिकत असलेल्या विद्यार्थ्याचे हाल होत नाहीत. एखाद्या वर्षी योग्य अर्जच आला नाही तर ते पैसे कुठे जातील, हेही लिहून ठेवायचं. मुळाला हात लावायचा नाही. इथे समितीला तसूभरही मोकळीक नको.

आता गेलेल्या माणसाची इच्छा. तुम्ही स्वतः वकील आहात असं लिहिलंयत, म्हणून आठवण करून देतो. न्यासाला (ट्रस्टला) दिलेला पैसा देणाऱ्याचा उरत नाही, त्याच्या वारसांचाही नाही. आणि अट कितीही पक्की लिहिली तरी काळ ती तपासतोच. कॅनडात र्‍युबेन लेनर्ड यांनी १९२३ मध्ये एक शिष्यवृत्ती-न्यास केला. अर्जदार गोरा हवा, प्रोटेस्टंट हवा, ब्रिटिश राष्ट्रीयत्वाचा हवा. मुलींवर वाटायच्या रकमेच्या पाव हिश्शाहून जास्त खर्च नको. हे सगळं अगदी स्पष्ट शब्दांत होतं. १९९० मध्ये ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने त्या अटी काढून टाकल्या आणि शिष्यवृत्ती चालू ठेवली. तत्त्व जुनंच, ‘सी-प्रे’: मूळ हेतूच्या शक्य तितकं जवळ राहायचं. ऑक्सफर्डमध्ये शिकण्यासाठीची ऱ्होड्स शिष्यवृत्तीही सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्राप्रमाणे फक्त पुरुषांसाठी होती. ती स्त्रियांना खुली झाली १९७७ मध्ये, तीही ब्रिटनमध्ये कायदा बदलल्यावर.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की हेतू एका वाक्यात, अटींपासून वेगळा लिहा. ‘पैशाअभावी कायद्याचं शिक्षण सुटू नये’ असं वर स्पष्ट असेल, तर पन्नास वर्षांनी अटी मोडकळीला आल्या तरी न्यायाधीशाला किंवा विश्वस्तांना जवळ राहायला काहीतरी असतं. हेतू अटींतच विरघळवला तर अट गेली की सगळंच गेलं.

घरच्यांची मात्र एक खोड असते, आणि ती प्रेमापोटी असल्यामुळे बोलणं अवघड जातं. गेलेल्या माणसाचा परिचयच ते अटी म्हणून लिहून देतात. वडील फौजदारी वकील, पहिले आलेले, वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेले. मग विद्यार्थीही तसाच हवा. असा विद्यार्थी सापडला तरी त्याला बहुधा पैशाची गरज नसते. मी एका निवड समितीवर होतो तिथे अशाच अटींपायी लागोपाठ दोन वर्षं कुणालाच काही देता आलं नाही. बाहेर फी भरायला पैसे नसलेली मुलं होती.

ओळखीपाळखीचा मुद्दा तुमचा बिनतोड आहे. मूळ लेखात मी तो एका ओळीत उरकला, ते चुकलंच. देणगीदाराच्या घरचा एकच माणूस समितीत असावा, त्याला मत नसावं. सदस्याचं अर्जदाराशी नातं असेल, किंवा अर्जदार त्याच्या चेंबरमध्ये काम करत असेल, तर त्याने त्या बैठकीतून उठावं आणि तशी नोंद व्हावी. चेंबरची ही गोष्ट कायद्याच्या क्षेत्रात विशेष होते, कारण ज्येष्ठ वकील आणि विद्यार्थी यांची गाठ फार लवकर पडते. गुणांकनाचे निकष अर्ज मागवायच्या आधी ठरलेले असावेत आणि नाकारलेल्याला विचारल्यास कारण मिळावं.

एका बाबतीत मात्र आपलं जमणार नाही. ‘एक विषय राहिला की शिष्यवृत्ती बंद’ हा नियम तुम्हाला शिस्तीचा वाटतो. ज्याला फीसाठी रात्री काम करावं लागतं त्याचाच विषय राहतो, आणि नेमका त्याचाच पैसा आपण थांबवतो. एक संधी, लेखी कारण घेऊन, द्यायलाच हवी. त्यावर तुमचं उत्तर असेल तर जरूर लिहा.